बरं

पहिला फोन एकतीस सेकंदांचा.
कागद बघून वाचत होती, कळत होतं:
मी पोचले. सुखरूप आहे. खाऊ पाठवू नका.
मागे कुणीतरी खेकसत होतं
आणि तीस-चाळीस पोरी हेच वाक्य
आपापल्या आवाजात वाचत होत्या.
मी म्हणालो, "ब्रिटा, कोट..."
तोवर फोन बंद.
कोटाचं काय सांगायचं होतं, अजून आठवलेलं नाही.

नॉर्थ डाकोटात समुद्र नाही.
गव्हात वारा शिरला की लाटा दिसतात
असं परगावचे लोक म्हणतात.
आम्हाला गहूच दिसतो.

अकराव्या दिवशी खोकं आलं.
अंगावर घालून गेली होती ते सगळं:
जीन्स, व्हॉलीबॉलच्या संघाचा स्वेटशर्ट,
केसांचं रबर, त्यात अडकलेले तीन केस.
घड्या इतक्या काटेकोर की वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं आलं.
डाव्या बुटात एक खडा.
आमच्याच फाटकापासच्या वाटेवरचा,
इलिनॉयपर्यंत जाऊन टपालाने परत आलेला.
खोकं टेबलावरच राहिलं. मांजर त्यात झोपायला लागलं.

मग पत्र. अश्रुधुराच्या खोलीत
मास्क काढून नाव सांगावं लागतं म्हणे.
"मी पूर्ण सांगितलं, डॅड. ब्रिटा सिग्ने हालवोर्सन."
सिग्ने तिची आई. चार वर्षं झाली.
पत्राच्या तळाशी एक नंबर:
तुकडीतल्या रेमीच्या आईचा, लुइझियाना.
"तिलाही झोप लागत नाही म्हणे."

डेल्फीनला मी पाहिलेलं नाही.
तिला पहाटे तीनला कोळंबी सोलायच्या पाळीवर जायचं असतं,
मला साडेपाचला बस गरम करायची असते.
मधल्या वेळात आम्ही लिहितो.
"खोकं आलं की रडून घ्यायचं," तिने लिहिलं,
"मग कपडे धुऊन टाकायचे."
आणि मिनिटभराने:
"नको, धुऊ नका. थोरल्याचे मी धुतले होते."
धीर वगैरे कुणी कुणाला देत नाही.
ती विचारते, पारा किती उतरला.
मी विचारतो, खाडीचं पाणी किती पायऱ्या चढलं.
पत्र आलं? नाही. तुमच्याकडे? नाही.
बरं.
त्या एका "बरं"वर मी आठवडा काढलेला आहे.

डिसेंबरातला गुरुवार. बस नंबर नऊ, तेवीस मुलं.
रेल्वेच्या रुळांपाशी थांबायचं,
दार उघडायचं, कान द्यायचा. नियम आहे.
तेवढ्यात खिशात फोन थरथरला.
आदल्या रात्री त्यांची शेवटची परीक्षा होती,
रात्रभर, आग आणि पाणी आणि शिड्या.
मुलं बसमध्ये असताना फोन घ्यायचा नाही,
हाही नियमच. सत्तावीस वर्षं पाळलेला.
दार उघडं. पायरीवर बर्फ येऊन बसत होतं.
फोन मांडीशी धडपडत राहिला आणि मग थांबला.
मागून धाकट्या तोरविकने विचारलं,
"मिस्टर हालवोर्सन, गाडी येतेय का?"
नाही.
"मग आपण का थांबलोय?"

शाळेच्या आवारात, इंजिन बंद करून, निरोप ऐकला.
आधी नुसता श्वास.
"डॅड, झालं. झाले मी खलाशी.
तू बसवर असशील, माहीत होतं.
तरी केला."

डेल्फीनला लिहिलं. उत्तर दुपारी आलं.
रेमीला ताप होता, त्याला मागे ठेवलंय,
दुसऱ्या तुकडीत, पुन्हा दोन आठवडे.
"निरोप जपून ठेवा," तिने लिहिलं. "पुसू नका."

मी "बरं" लिहिलं आणि खोडलं.
देव, धीर, वेळ, असं काहीबाही लिहिलं, तेही खोडलं.
मग विचारलं, पाणी किती चढलंय.

"दोन पायऱ्या," ती म्हणाली.